शिकरा की झंझावात

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. फक्त रस्ता नव्हता. म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. नदीपासून टेकडीपर्यंत एक डांबरी पट्टा होता. त्याला जागोजागी खड्डे होते. जिथे खड्डे नव्हते तिथे सशांनी अर्ज करून करून गतिरोधक बसवून घेतले होते. त्यामुळे कासवंसुद्धा त्या रस्त्याने जायचं टाळत.

अशा जंगलात सगळे जण वेगवान गाड्यांबद्दल फार बोलत, यात काही नवल नाही.

सिंहमहाराजांनी मात्र वरच्या पठारावर एक ट्रॅक बांधून घेतला होता. काळाभोर, गुळगुळीत, वळणावळणाचा. आधी दवाखाना बांधावा की आधी ट्रॅक, असा प्रश्न दरबारात आला होता. ट्रॅक बांधला की दवाखान्याची गरज आपोआप निर्माण होईल, असं प्रधानांनी सांगितलं आणि प्रश्न मिटला.

या जंगलात सदोबा नावाचं एक अस्वल होतं. मधाचा मोठा व्यापारी. पोट सुटलेलं, पाठ धरलेली, आणि डोक्यात चोवीस तास मधमाश्यांची भुणभुण. बायकोचं नाव हौसाबाई. तिने आणि त्याने मिळून धंदा उभा केला होता. आता धंदा आपोआप चालत होता आणि सदोबाला रात्री झोप लागत नव्हती.

एकदा महाराजांच्या वाढदिवसाला मेजवानीचा मध सदोबाने पुरवला. त्याबद्दल त्याला पाहुण्यांत बसायचा मान मिळाला. जेवणं झाल्यावर दरबारातला चित्ता एकेका पाहुण्याला आपल्या गाडीत बसवून ट्रॅकवर एक फेरी मारून आणत होता. सदोबाचीही पाळी आली.

गाडीत बसताना त्याच्या डोक्यात मधमाश्यांच्या संपाचा विचार होता. पहिल्या वळणावर तो विचार उडाला. पुढच्या वळणावर पाठदुखी उडाली. शेवटच्या वळणावर तर आपण अस्वल आहोत हेही तो विसरला.

खाली उतरला तेव्हा तो हसत होता.

"अगं, डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं," तो हौसाबाईला म्हणाला.

"ते मला ठाऊक आहे," हौसाबाई म्हणाली.

त्याच दिवशी सदोबाने ठरवलं की तशी गाडी घ्यायची. दर आठवड्याला ट्रॅकवर जायचं आणि डोकं रिकामं करून यायचं. किती साधी इच्छा, नाही का? आपली गोष्ट इथेच संपली असती. पण मुलांनो, बाजारात गाड्या दोन होत्या.

एकीचं नाव शिकरा. दुसरीचं नाव झंझावात. दोन्ही गाड्या कोल्हेसाहेबांच्या दुकानात काचेमागे उभ्या होत्या. दोघींच्याही पाठीवर शाळेतल्या बाकाएवढा रुंद पंख होता. दोघींचंही पोट जमिनीला इतकं लागून होतं की खालून मुंगीला वाकून जावं लागे.

"शिकरा म्हणजे हलकी, शेठ," कोल्हेसाहेब म्हणाले. "हिच्यातून कंपनीने एसी काढला. रेडिओ काढला. मागची सीट काढली. दार आतून उघडायला कडीसुद्धा नाही, कापडाची पट्टी आहे. फक्त गाडी उरली आहे."

"मग स्वस्त असेल."

"काढायला फार मेहनत लागते, शेठ," कोल्हेसाहेब अदबीने म्हणाले.

सदोबाला ते पटलं. मग तो झंझावातकडे वळला.

"हिच्या इंजिनात हवा दाबून भरतात," कोल्हेसाहेब म्हणाले. "सरळ पट्ट्यावर हिला कोणी धरू शकत नाही."

"आणि वळणावर?"

"वळणावर शिकरा."

"मग दोघींत चांगली कुठली?"

कोल्हेसाहेबांनी काचेवरची धूळ रुमालाने हळूच टिपली. "ते शेठ, आपण कसे आहात त्यावर आहे."

या एका वाक्याने घात केला. आपण कसे आहोत याचा विचार सदोबाने जन्मात कधी केला नव्हता. त्या संध्याकाळी तो आरशासमोर बराच वेळ उभा राहिला. समोरून पाहिलं तर तो सरळ पट्ट्याचा वाटत होता. बाजूने पाहिलं तर वळणाचा.

मग अभ्यास सुरू झाला.

जंगलात चिंतामण नावाचं एक माकड होतं. ते रोज सकाळी उंबराच्या फांदीवर बसून गाड्यांची परीक्षा करत असे. खाली अर्धं जंगल ऐकायला जमे. चिंतामण या दोन्हींपैकी एकाही गाडीत कधी बसला नव्हता. त्यामुळे त्याचं मत अगदी निःपक्षपाती मानलं जाई. शिकरा वळणावर किती पकड धरते, झंझावातचे ब्रेक तापल्यावर काय होतं, हे तो डोळे मिटून सांगे. दोघींच्या फेरीच्या वेळेत पापणीच्या एका केसाएवढा फरक होता. त्या फरकावर तो आठवडाभर बोलू शके.

सदोबा रोज पहिल्या रांगेत बसू लागला. घरी येऊन तो हौसाबाईला टायर समजावून सांगे. पोळ्यांवर जाऊन मधमाश्यांना सस्पेन्शन समजावून सांगे. माश्यांचा संप मिटला, कारण संपावर असताना त्यांना ते ऐकत बसावं लागे आणि कामावर असताना उडून जाता येई.

रात्रीच्या जेवणाला हौसाबाईने भाकरी पुढे केली की तो ताट मागे सारी.

"नको. कंपनीने वजन कमी करायला कडी काढून पट्टी लावली. मी भाकरी खाऊन ते वाया घालवू?"

"पण कंपनीला तुम्ही बसणार आहात हे ठाऊक होतं का?" हौसाबाई विचारी.

सदोबाचा एक लहानपणापासूनचा मित्र होता. रंगराव गवा. रोज संध्याकाळी दोघं नदीच्या चिखलात गळ्यापर्यंत बसत. फारसं बोलत नसत. बोलायची गरज पडत नसे. एका संध्याकाळी मात्र सदोबा म्हणाला, "रंगराव, मी शिकराकडे झुकतोय."

रंगरावने कान हलवला. "शिकराला सरळ पट्ट्यावर दम नाही."

"पण वळणावर बघ की."

"वळण काय, कुणीही घेतं. सरळ जाऊन दाखवावं."

"तुला कशाला हवाय सरळ पट्टा? तुला गाडी घ्यायची आहे का?"

"मी तत्त्वाचं बोलतोय," रंगराव म्हणाला.

रंगरावला गाडी घ्यायची नव्हती. दोन्ही गाड्यांच्या दारातून त्याचं डोकंसुद्धा आत गेलं नसतं. म्हणूनच त्याचं मत इतकं पक्कं होतं. गाडी घेतली असती तर ते बदलायची भीती होती.

शब्दाने शब्द वाढला. झंझावात आवडणाऱ्याला गाडीतलं काही कळत नाही, असं सदोबा बोलून गेला. रंगराव चिखलातून उठला. अंग न झटकता निघून गेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं.

वाद जंगलभर पसरला. शिकरावाले वेगळे बसू लागले, झंझावातवाले वेगळे. एका साळिंदराचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण नवरीकडची मंडळी झंझावातवाली निघाली. आणि मुलांनो, यातल्या एकाकडेही गाडी नव्हती.

सदोबा संध्याकाळी एकटाच चिखलात बसे. शेजारी रंगराव बसायचा तिथे पाणी साचलेलं असे. त्याला चुकल्याचुकल्यासारखं होई. उठावं, रंगरावच्या कुरणात जावं, दोन शब्द बोलावेत, असं फार वाटे. पण तसं गेलं म्हणजे सरळ पट्ट्यालाही काही अर्थ आहे हे कबूल करावं लागणार. मग तो तसाच बसून राही.

असे दोन पावसाळे गेले. शिकरा की झंझावात हे ठरेना. मग एक दिवस कोल्हेसाहेब स्वतः घरी आले.

"शेठ, घाई करायला सांगत नाही. पण शिकरा आता एकच उरली आहे. पलीकडच्या जंगलातला तरस उद्या बघायला येतोय."

सदोबाने आजवरचा सगळा अभ्यास बाजूला ठेवला आणि जागच्या जागी होकार दिला. शिकरा आपल्याला हवी आहे की नाही हे त्याला अजून कळलं नव्हतं. ती तरसाला मिळू नये हे मात्र लख्ख कळलं होतं.

गाडी घरी आली ती हत्तीच्या गाड्यावर बसून. रस्त्याने आली असती तर पहिल्याच गतिरोधकावर तिचं नाक राहिलं असतं. मधाच्या पिंपांमध्ये जागा करून तिला उभी केली. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. सदोबा सगळ्यांना कापडाची पट्टी दाखवत होता.

दुसऱ्याच सकाळी चिंतामण फांदीवरून म्हणाला, "झंझावातला नवे टायर आलेत. आता ती वळणावरही भारी आहे."

सदोबा घरी आला आणि पिंपावर बसला. शिकराकडे बघत राहिला. तिची एकेक उणीव त्याला दिसू लागली. रेडिओ नव्हता. एसी नव्हता. कडीसुद्धा नव्हती. त्या दिवशीही तो जेवला नाही, पण वजनासाठी नव्हे.

"अहो, एकदा चालवा तरी," हौसाबाई म्हणाली. "आणली आहे ना?"

आठवडा संपला. ट्रॅक सगळ्यांना खुला असायचा तो दिवस उजाडला. हत्तीने शिकराला पठारावर नेऊन उतरवलं. सगळं जंगल लोटलं होतं. रंगरावही आला होता. तो कुंपणापलीकडे पाठ करून उभा होता, पण त्याचे दोन्ही कान ट्रॅककडे वळलेले होते.

शिकराची सीट चित्त्याच्या अंगाच्या मापाने बनवलेली होती. सदोबा तिच्यात बसला नाही. तो तिच्यात शिरला, थोडा थोडा करून. मग त्याने गाडी सुरू केली.

पहिलं वळण आलं. शिकराने ते सुरेख घेतलं. झंझावातने नव्या टायरांवर हे कसं घेतलं असतं, असं सदोबाच्या मनात आलं. मग सरळ पट्टा लागला. इथे झंझावात कुठल्या कुठे गेली असती, असं त्याला वाटलं. पुढच्या वळणावर त्याने आपली पकड आणि चिंतामणने सांगितलेली पकड ताडून पाहिली. ती थोडी कमी भरली. पूर्ण फेरी त्याने अशी मारली. त्याच्या शेजारून, दिसत नसलेली झंझावात सतत पुढे पुढे धावत होती. डोकं रिकामं होणं दूरच. आधी त्यात नुसत्या मधमाश्या होत्या, आता एक अख्खी गाडी होती.

फेरी संपताना त्याच्या पाठीत कळ आली. त्याने गाडी कशीबशी ट्रॅकच्या मधोमध थांबवली. त्याला उठता येईना. पट्टी ओढून त्याने दार उघडलं, पण सीट त्याला सोडेना.

कुणीतरी कुंपण मोडल्याचा आवाज झाला. रंगराव येऊन उभा राहिला. त्याने शिंगाचं टोक सदोबाच्या कंबरपट्ट्यात अडकवलं.

"हळू रे," सदोबा कण्हत म्हणाला.

"हळूच ओढतोय." रंगरावने जोर लावला. "झंझावातचं दार मोठं आहे. एवढंच सांगतो."

"माहीत आहे मला," सदोबा म्हणाला.

इतक्या दिवसांत त्याने रंगरावचं पहिल्यांदाच काही मान्य केलं होतं. रंगरावने त्याला अलगद बाहेर काढलं आणि गवतावर निजवलं. मग स्वतःही शेजारी बसला.

पण गाडी ट्रॅकच्या मधोमध उभी होती. मागे दरबारातल्या गाड्या खोळंबल्या होत्या. ती बाजूला कोण घेणार?

"माझं काम विकायचं," कोल्हेसाहेब म्हणाले.

"मी चालवली तर माझा निःपक्षपातीपणा जाईल," चिंतामण म्हणाला.

हौसाबाई पुढे झाली. धंदा नवा होता तेव्हा मधाचा टेम्पो घाटातून तीच आणायची, सदोबा शेजारी बसून पिंपं धरायचा. ती अंगाने सदोबाच्या निम्मी होती. तिने पदर खोचला, आत बसली, दार ओढून घेतलं.

बाहेर पडायचं फाटक समोरच होतं. शिकरा त्या फाटकासमोरून निघून गेली.

"चुकली वाटतं," रंगराव म्हणाला.

गाडी एक फेरी मारून आली. फाटक पुन्हा आलं आणि पुन्हा मागे राहिलं. वळणावर इंजिनाचा आवाज चढला, उतरला, परत चढला. गवतावर पडल्या पडल्या सदोबा ऐकत होता. आवाजात कुठेही अडखळणं नव्हतं. आणखी काही फेऱ्या झाल्या आणि गाडी येऊन थांबली. हौसाबाई लगेच उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसून राहिली.

सदोबा रांगत रांगत खिडकीपाशी गेला. "काय गं? काही झालं का?"

"काही नाही," ती म्हणाली. "थोडा वेळ बोलू नका."

एवढ्यात सगळे गोळा झाले. चिंतामण उड्या मारत पुढे आला.

"हौसाबाई, झंझावातच्या तुलनेत कशी वाटली?"

"कुठली झंझावात?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"ती मी कधी पाहिलीच नाही," हौसाबाई म्हणाली आणि शांतपणे पट्टी ओढून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी फांदीवरून चिंतामणने या प्रकरणाचा निकाल दिला. हौसाबाईने तुलनात्मक अभ्यास केलेला नाही, सबब तिचा आनंद ग्राह्य धरता येत नाही. शिकरावाले आणि झंझावातवाले या एका मुद्द्यावर एकमत झाले. साळिंदराचं लग्नही पुन्हा जमलं.

आता दर आठवड्याला हौसाबाई ट्रॅकवर जाते. सदोबा आणि रंगराव कुंपणाशी गवतात बसतात. ती कुठल्या वळणावर चुकली, इथे झंझावात असती तर काय झालं असतं, यावर दोघं संध्याकाळपर्यंत वाद घालतात. सदोबाला आता झोप चांगली लागते. हौसाबाईला तर फेरी चालू असताना हाक मारली तरी ऐकू येत नाही.

तात्पर्य: मुलांनो, कुठलीही गाडी घेण्यापूर्वी न घेतलेल्या गाडीचा कसून अभ्यास करावा. नाहीतर घेतलेली आवडून बसते.