हैबतराव आणि त्यांचा नसलेला कुत्रा

हैबतरावांकडे तट्टू विकत घ्यायला जाणाऱ्या माणसाला आधी स्वतःच्या पाठीवर खोगीर घ्यावं लागे. हे मी रंगवून सांगत नाही. रंगवून सांगायची मला खोड आहे हे सगळ्या बुधवार पेठेला ठाऊक आहे, पण हैबतरावांच्या बाबतीत रंग लावायला जागाच उरत नाही. गिऱ्हाईक आलं की ते त्याला गूळपाणी देत, घरच्यांची ख्यालीखुशाली विचारत, मग खुंटीवरचं खोगीर काढून म्हणत, "वाका जरा."

एकदा एका बड्या सरदारांचे कारभारी आले होते. धन्याच्या मुलाला तट्टू हवं होतं. अंगात जरीचा अंगरखा, डोक्याला भलंमोठं पागोटं, आणि पोट असं की उंबरा आधी त्याने ओलांडला. हैबतरावांनी त्यांना अंगणात ओणवं केलं, पाठीवर खोगीर चढवलं आणि पोटाखालून पट्टा घेतला. तो पुरेना. मग शेजारच्या माझ्या दुकानातून जोडपट्टा मागवला. मी खोगिरं शिवतो. तेव्हा हा सगळा सोहळा मला अगदी जवळून, आणि आपल्या मालाची काळजी घेण्याच्या निमित्ताने, पाहता आला. कारभाऱ्यांनी अंगणाला फेऱ्या घातल्या. मागे एक तरुण कुत्रा हर्षाने भुंकत होता. घामाघूम होऊन कारभारी उभे राहिले आणि त्यांनी विचारलं की या चावटपणाचा अर्थ काय.

"माझं काही म्हणणं नाही," हैबतराव म्हणाले. "खोगिरावर अजून कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच ध्यानात ठेवा."

कारभारी तट्टू घेऊन गेले, आणि जाताना माझ्या दुकानातलं सगळ्यात मऊ खोगीरही. तेव्हापासून मी हैबतरावांच्या या रिवाजाविरुद्ध कधी अवाक्षर काढलं नाही.

"माझं काही म्हणणं नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की जाणकार माणूस बसायला जागा शोधी, कारण त्यानंतरचं म्हणणं लवकर संपत नसे. हैबतराव हे नाव ऐकून कोणी धिप्पाड माणूस डोळ्यांपुढे आणला असेल, तर कृपा करून त्याला परत पाठवा. आमचे हैबतराव तट्टाच्या शेजारी उभे राहिले की दोघांचे कान एका रेषेत येत. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पागेत काढली होती, आणि तिथून उंच घोड्यांविषयी कायमची नाराजी घेऊन ते पुण्यात परतले होते. त्यांच्या मते उंच घोड्यावरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, फक्त पुढच्याचं पागोटं दिसतं.

तट्टू बुजरं राहू नये म्हणून ते त्याला गोंगाटाची सवय लावत. त्यासाठी आमच्या घरची तांब्याची भांडी नेत. तट्टाभोवती फिरत ते परातीवर घण घालावा तसा कालथा घालत, आणि भांडी परत येत तेव्हा त्यांना नवेच खड्डे पडलेले असत. शेवटी माझी बायको दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, "भावजी, पुढच्या खेपेला भांडी राहू द्या, मलाच घेऊन जा. मी ओरडते. परात तरी वाचेल." हैबतरावांनी यावर खरोखर विचार केला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, की वहिनींच्या आवाजाला तट्टू तयार व्हायला फार दिवस लागतील.

आता त्या कुत्र्याविषयी. एका गिऱ्हाइकाबरोबर तो आला आणि गिऱ्हाईक गेलं तरी राहिला. धनी सोडून आला म्हणून हैबतरावांनी त्याचं नाव फितूर ठेवलं. अंगाने तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, आणि पायांत वारं. हैबतरावांचा एक जोडा त्याने खाल्ला, तट्टाच्या तोबऱ्यात तोंड घालून चंदीचे हरभरे खाल्ले, माझ्याकडचा लोकरीचा गठ्ठा अंगणभर उधळला. मी तक्रार घेऊन गेलो की हैबतराव माझ्याकडे असे बघत, जणू मी पत्ता चुकून आलोय.

"कुत्रा माझा नाही," ते म्हणत. "तो इथे राहतो, एवढंच."

पण या नसलेल्या कुत्र्याने त्यांचा सगळा धंदा हाती घेतला होता. तट्टू शिकवायचं म्हणजे त्याच्या गळ्यातली दोरी धरून त्याच्या बरोबरीने धावायचं, वळवायचं, थांबवायचं. हैबतरावांचे गुडघे गेले होते. हे पेठेत सगळ्यांना दिसत होतं, आणि त्यांच्यासमोर कोणी बोलत नव्हतं. एक दिवस त्यांच्या हातून दोरी सुटली, ती फितूरने तोंडात धरली आणि तट्टाला घेऊन अंगणाला फेरी मारली. त्या दिवसापासून हैबतराव ओट्यावर बसून हुकूम सोडत आणि कुत्रा दोरी धरून धावे. बघायला गर्दी जमे. कोणी विचारलंच तर ते म्हणत, "दुरून चाल नीट दिसते."

या शाळेतून तयार होऊन निघालेलं पहिलं तट्टू म्हणजे शेवंती. राखी रंगाची, लोण्यासारख्या चालीची घोडी. तिला विकायला काढलं, आणि हडपसरहून सगुणाकाकी आल्या.

सगुणाकाकी एका शिलेदाराची विधवा. कपाळ मोकळं, लुगड्याचा कासोटा घट्ट. त्यांची एकुलती एक लेक येरवड्याला दिलेली, नुकतीच बाळंत झालेली, आणि बाळंतपणापासून अंथरुणाला खिळलेली. सासरी करणारं कोणी नाही. इकडे शेताची राखण, तिकडे लेक. काकी एक दिवसाआड हडपसरहून येरवड्याला पायी जात होत्या, आणि आता पाय उचलत नव्हते.

हैबतरावांनी नेहमीप्रमाणे खोगीर काढलं खरं, पण बाईमाणूस पाहून ते परत खुंटीला लावू लागले. काकींनी ते त्यांच्या हातातून घेतलं, पाठीवर टाकलं, पट्टा स्वतःच आवळला आणि अंगणाला झपाझप फेरी मारली.

"पट्ट्याची शिवण बोचतीया," खोगीर उतरवत त्या म्हणाल्या. "कुनी शिवलंय ह्ये?"

मी आभाळाकडे पाहिलं. हैबतराव मात्र आयुष्यात प्रथमच काही म्हणणं नसलेल्या माणसासारखे गप्प उभे राहिले. त्यांनी त्याच घटकेला शेवंती देऊन टाकली.

फितूर मागे लागू नये म्हणून त्याला माझ्या दुकानात बांधलं. काकी शेवंतीवर बसल्या. घोडी झुलत निघाली, आणि धान्यबाजाराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. बुजली नाही, उधळली नाही. नुसती उभी राहिली. मागून कोणा प्रतिष्ठिताची पालखी आली, तीही थांबली. भोयांनी खांदे मोकळे केले आणि बसले. पालखीतल्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढून विचारलं, की पुण्यात हल्ली जनावरंच रस्त्याचे हुकूम देतात काय. एक जण शेवंतीची शेपटी ओढायचा सल्ला देत होता, दुसरा कान. एक म्हातारा वाणी गादीवरूनच म्हणाला, "तिला विचारलंत का, तिला जायचंय का ते?"

हैबतराव लंगडत आले. गूळ दिला, मान खाजवली, कानात काहीबाही सांगितलं. शेवंतीने गूळ खाल्ला आणि तशीच उभी राहिली.

इतक्यात माझ्या दुकानाकडून आरडाओरडा आला. फितूर सुटला होता. ज्या अर्धवट शिवलेल्या खोगिराला मी त्याला बांधलं होतं, ते खोगीर मागे फरफटवत, त्यातली लोकर बाजारभर सांडत तो आला, आणि शेवंतीची दोरी तोंडात धरून निघाला. शेवंती लगेच चालू लागली. लोकांनी माना डोलावल्या. काकी ऐटीत बसल्या. फितूरने बाजाराला छान गोल फेरी घातली, पालखीच्या पुढून घेतली, मागून घेतली, आणि काकींना घेऊन थेट हैबतरावांच्या अंगणात परत आला. त्याला येत होतं ते त्याने केलं.

हसून हसून मला ठसका लागला. मग हैबतरावांकडे पाहिलं आणि हसू आवरलं. त्यांना काय झालंय ते कळलं होतं. शेवंतीला त्यांनी शिकवलंच नव्हतं. तिला लगाम कळत नव्हता, टाच कळत नव्हती. तिला एवढंच कळत होतं, की कुत्रा जाईल तिकडे जायचं.

मी म्हटलं, काकींना दुसरं तट्टू द्या. पण दावणीला दोनच उरली होती. एक चावरं, दुसरं एका डोळ्याने आंधळं. शेवंतीला नव्याने शिकवायचं तर चार महिने हवेत, आणि बरोबर धावणारे पाय हवेत. काकी ओट्यावर बसून लुगड्यावरूनच गुडघे चोळत होत्या.

"आसू द्या," त्या म्हणाल्या. "आज बी चालत जाईन. पोरगी वाट बघत आसंल."

हैबतराव त्यांच्या गुडघ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुत्राही घेऊन जा. बोट दाखवाल तिकडे जातो, न दाखवलं तर नुसती फेरी मारतो."

"आवं, त्ये तुमचं हाय."

"माझा नाही. इथे राहत होता, आता तिथे राहील. माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याला भाकरी ताकात कुस्करून लागते. कोरडी खात नाही. पडक्या कानामागे खाजवलं की पाय हलवतो, त्याला हसू नका, त्याला कळतं. थंडीत पायाशी नाही, पाठीशी झोपतो. आणि रात्री मधेच जाग आली की कोणी आहे का म्हणून हाक मारतो. ओ द्यायची. ओ मिळाली की गप झोपतो."

मी इतकी वर्षं भिंतीपलीकडे राहतो. कुत्र्याने रात्री हाक मारल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. बोलणार होतो, पण काकींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पट्ट्याच्या शिवणीकडे लक्ष वळवलं.

"द्येईन मी ओ," काकी म्हणाल्या.

हैबतरावांनी फितूरच्या तोंडात दोरी दिली, पूर्वेकडे बोट केलं आणि वळून चावऱ्या तट्टाला खरारा करू लागले. ते आधीच लखलखत होतं. फितूर गल्लीच्या वळणापर्यंत गेला, थांबला, मागे बघत राहिला. मी म्हणालो, "हैबतराव, बघतोय तो."

"म्हणूनच," ते पाठ न वळवता म्हणाले. "मी बघितलं तर परत येईल."

थोड्या वेळाने टापांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि लांब गेला. पुढे कळलं की काकी दिवस मावळायच्या आत येरवड्याला पोचल्या. फितूर नदीच्या उतारावर एका म्हशीमागे लागला होता, एवढं सोडलं तर प्रवास सुखाचा झाला.

त्या संध्याकाळी मी दुकान आवरत होतो. बाजारातून गोळा करून आणलेली लोकर झाडून पोत्यात भरत होतो. भिंतीपलीकडे सगळं निवांत होतं. आणि मग हैबतरावांचा आवाज आला. मोठा नाही, अंधार पडू लागला की माणूस घरात सहज बोलतो तसा.

"आहेस का रे?"

हातातली लोकर तशीच राहिली. मग मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "आहे."



"तुला कोणी विचारलं?" हैबतराव म्हणाले.

मी पोत्याचं तोंड बांधलं आणि घरात गेलो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या खेपेला भिंतीच्या जरा जवळ येऊन.