चार फूट नऊ इंचांचे दत्तूकाका

आमच्या इंदिरानगरात दत्तूकाकांशी उभ्याने बोललेला माणूस नाही. मीटर वाचणारा असो की समन्स घेऊन आलेला हवालदार, काका फाटकापाशी खुर्ची आणून ठेवणार आणि म्हणणार, "आधी बसा." समोरचा बसला की मग स्वतः उभे राहून बोलणार. मी सहा फुटांचा आणि त्यांचा सख्खा शेजारी. त्यांच्या अंगणात मी जितका बसलोय, तितका कचेरीतही बसलेलो नाही.

उंच माणसांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "उंच नाही हो, नुसते लांब." बसच्या दांडीला डोकं आपटणं आणि पंख्याची धूळ पुसणं, एवढाच त्या लांबीचा उपयोग.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांची नात मुक्ता आठ वर्षांची झाली, तरी तिला पाच वर्षांच्या मुलीचा फ्रॉक बसायचा. कॉलनीने लगेच वैद्यकी सुरू केली. कुणी दारात लोंबकळायला सांगितलं, कुणी दुधातून खारका. पडवळाला दगड बांधतात, याचीही एका वहिनींनी आठवण करून दिली. डॉक्टरांनी मात्र मनगटाचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं, वाढीचं हार्मोन कमी आहे. रोज एक इंजेक्शन, काही वर्षं. हाडांची वाढ एकदा थांबली की उपयोग नाही, तेव्हा आत्ताच ठरवा.

मुलगा-सून कचरले. लेकराला रोज टोचायचं कुणी? काका तर विरोधच करणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण काकांनीच नर्सबाईंकडून टोचायला शिकून घेतलं आणि दिंडोरीहून आलेल्या द्राक्षांच्या पेटीवर तीन दिवस हात बसवला. ती द्राक्षं मग कॉलनीत वाटली. आम्ही निरखून खाल्ली.

मला राहवलं नाही. काका, अखेर तुम्हीही लांबीच्या पक्षात गेलात, असा टोमणा मी मारलाच.

काका सुईच्या रिकाम्या पाकिटाशी चाळा करत राहिले. "शाळेत दरवर्षी गॅदरिंगला मला बुटक्याचं काम. मी स्टेजवर आलो की हशा. मग मीच लोकांच्या आधी हसायला शिकलो. वाढली तर वाढेल, नाही तर नाही. पण पोरीला ती सवय लागायला नको."

मला लाजच वाटली.

तेवढ्यात मुक्ता आली आणि बाही वर करून बसली.

"आज गंमत सांगू नका आजोबा. मला हसू येतं, हात हलतो."

"नाही सांगत," काका म्हणाले.