एका सेंटिमीटरची बॅटरी

बोटीच्या मागच्या टोकाला चार वजनं होती. इंजिन बेचाळीस किलो, पेट्रोलची भरलेली टाकी अकरा, बॅटरी सतरा किलो चारशे ग्रॅम, आणि सुकाणूपाशी बसणारे मामा. स्वतःचं वजन मामांनी ब्याऐंशी सांगितलं, मामींनी स्वयंपाकघरातून ओरडून एक्क्याण्णव. भाचीने मामींचा आकडा धरला.

तलावापलीकडच्या वस्तीवर दोन शिक्षिका आणि एक नर्स रोज मामांच्या बोटीतून जात. मागच्या वर्षीच्या तपासणीत, मामा आपल्या जागेवर आणि भाची पुढच्या फळीवर बसलेली असताना, बोटीची मागची कड पाण्यापासून चोवीस सेंटिमीटर वर भरली. नियम किमान पंचवीसचा. सामानासकट बोट दोनशे सहा किलो, असा काट्यावरचा आकडा लिहून घेऊन तपासनीसाने वर्षाची मुदत दिली होती. यंदाही नापास, तर परवाना रद्द. मामांना दुसरं कुठलं काम येत नव्हतं. मामींच्या मते हेही बेताचंच येत होतं.

"इंजिन बदलता येणार नाही, टाकी भरलेलीच लागते," नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेतलेली भाची म्हणाली. "उरलात दोघं. बॅटरी आणि तुम्ही."

"बॅटरीचं बघ," मामा घाईघाईने म्हणाले.

दुकानदाराने काउंटरवर जेवणाच्या डब्याएवढी एक लिथियम बॅटरी ठेवली. मामांनी सवयीने पाय रोवून, श्वास रोखून ती दोन्ही हातांनी उचलली आणि थेट कपाळावर आपटून घेतली.

"आत काही भरायचं राहिलंय का हो?"

"दोन किलो नऊशे ग्रॅम," दुकानदार म्हणाला. "भरलेली आहे."

भाचीने तासभर त्याचं डोकं खाल्लं. इंजिन सुरू करायला लागणारा करंट ती एका दमात देते का? हादरे सोसते का? चार्ज करताना इंजिन साडेचौदा व्होल्टपर्यंत जातं, ते हिला चालतं का? थंडीत काय करते? सगळी उत्तरं पटल्यावर तिने हिशेब मांडला. साडेचौदा किलो कमी, म्हणजे मागची कड साधारण पंचवीस सेंटिमीटर दोन मिलिमीटर.

"आणि नाही चालली तर?" मामांनी विचारलं.

"चालेल."

"हो गं. पण नाही चालली तर?"

मामांचा स्वभावच तसा होता. एक चष्मा नाकावर, एक खिशात. छत्री घेतली तरी पिशवीत रेनकोट. घराची कुलूपं दोन आणि किल्ल्या सात. जुनी बॅटरी त्यांनी पडवीत नेऊन ठेवली, तेव्हा जड मनाने तिच्यावरून हात फिरवला. भाचीला ते पाहून वाईटही वाटलं.

तपासणीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. तपासनीस धक्क्यावर उभा, हातात पोलादी पट्टी. काठावर मामी, शिक्षिका आणि नर्स. भाची पुढच्या फळीवर, मामा मागे आपल्या जागी.

"सुरू करा."

मामांनी बटण दाबलं. इंजिनाने एक उसासा टाकला आणि ते गप्प झालं.

"अगंबाई," एक शिक्षिका म्हणाली.

"अहो, मी सांगत होते!" मामी काठावरून म्हणाल्या. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

भाची मागे वळली. "मामा, दिवा लावा आणि दोन मिनिटं थांबा. थंडीत ती आळसावते. थोडा करंट वाहिला की आतून गरम होईल."

"नाही झाली तरी काळजी करू नकोस," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा अगदी निवांत होता. नेमकं हेच भाचीला खटकलं. बसची वाट पाहतानाही हा माणूस नखं खात असे.

दोन मिनिटांनी मामांनी पुन्हा बटण दाबलं. इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि लागलं. काठावर टाळ्या पडल्या. तपासनीसाने इंजिन बंद करायला लावलं, पाणी संथ होऊ दिलं आणि वाकून पट्टी धरली.

"तेवीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर."

"किती?" भाचीने विचारलं.

"मागच्या वर्षीपेक्षा दोन मिलिमीटर कमी."

टाळ्या थांबल्या. भाचीने मनात आकडे पुन्हा मांडले. कड वर यायला हवी होती आणि ती खाली गेली होती. बोट बुडण्याचा नियम काही रात्रीतून बदलत नाही.

"मामा, तुमचं वजन वाढलंय?"

"छे गं! उलट मी रात्री जेवलोच नाही."

"मग तुम्ही बसलाय कशावर?"

मामा पाण्याकडे बघू लागले. भाचीने त्यांच्या फळीखालची लाइफ जॅकेटं बाजूला केली. खाली, मामींच्या जुन्या शालीत गुंडाळलेली, जुनी बॅटरी होती.

"नाही चालली तर म्हणून..." मामा पुटपुटले.

"माझी शाल!" मामी ओरडल्या.

"साहेब, एवढी फक्त उतरवतो," मामा हात जोडून म्हणाले.

"तपासणीला आलेल्या बोटीतून काही उतरवता येत नाही. नाहीतर लोक इंजिन उतरवून माप देतील." तपासनीसाने पेनाचं टोपण काढलं. "नापास लिहू?"

नर्सने शिक्षिकेचा हात धरला. भाची बोटीच्या लांबीकडे बघत होती.

"आतल्या आत हलवली तर?"

"हलवा. उतरवायची नाही, एवढंच."

इंजिनाला जोडलेली बॅटरी तोकड्या तारांमुळे मागेच ठेवावी लागे. ही तर कशालाच जोडलेली नव्हती. मामा जागचे हलले असते तर माप चुकलं असतं, म्हणून भाचीने ती एकटीने, शालीसकट ओढत पार पुढच्या टोकाला नेली आणि पुन्हा फळीवर येऊन बसली. बोटीचं नाक झुकलं, शेपूट उचललं. तपासनीस वाकला. बराच वेळ तो वाकलेलाच होता.

"पंचवीस सेंटिमीटर चार मिलिमीटर. पास. पण ती आता तिथेच पक्की बसवायची. काढलीत तर परवाना रद्द."

"म्हणजे गं," मामींनी विचारलं, "पुढे एखादा दगड ठेवला असता तरी चाललं असतं?"

भाचीने पुढच्या टोकावरचं शालीचं गाठोडं पाहिलं. "मोठा दगड," ती म्हणाली.

कागद पुरा करण्यासाठी माणसं उतरवून बोट काट्यावर चढवली. मागच्या वर्षी सामानासकट दोनशे सहा किलो भरली होती. या वर्षी शाल वगळून दोनशे आठ किलो नऊशे ग्रॅम.