गाडीखालचा पुठ्ठा

स्वतःची स्तुती करू नये हे मला मान्य आहे, पण यंत्रांच्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. आमचा मिक्सर मी दुरुस्त केलाय. आता तो एकाच वेगाने फिरतो, पण फिरतो की नाही?

म्हणून बुधवारी बायकोने जेव्हा शेवटचं सांगितलं, तेव्हा मी अजिबात घाबरलो नाही. गॅरेजपासून स्वयंपाकघरापर्यंत माझ्या बुटांचे तेलकट ठसे उमटले होते. ती ते बोटाने मोजत होती.

"रविवारी सकाळपर्यंत तुझ्या गाडीचं गळणं थांबलं तर ठीक. नाहीतर संध्याकाळी आपले दातांचे डॉक्टर ती विकत घेऊन जातील. मी बोललेय त्यांच्याशी."

दातांच्या डॉक्टरांचा माझ्या गाडीवर पहिल्यापासून डोळा होता. गाडी म्हणजे लाल, दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स कार. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर काढायचो तीच. ती दुसऱ्याच्या दारात उभी राहणार? मी तडक पाना शोधायला निघालो.

दुखणं तसं साधं होतं. इंजिनाच्या डोक्यावर एक झाकण असतं, त्याला कॅम कव्हर म्हणतात. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, ते गॅस्केट. आमचं गॅस्केट कडक होऊन चिरलं होतं आणि तिथून तेल झिरपत होतं. गॅरेजवाल्या काकांनी नवी गॅस्केटं दिली आणि बजावलं, "बोल्ट आवळताना पान्याला फक्त दोन बोटं लावायची. ताकद लावलीत की गॅस्केट चेपतं, मग जास्त गळतं."

गुरुवारी मी दोन बोटांनी बोल्ट आवळले. गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला आणि जुना, डाग पडलेला पुठ्ठा वॉशिंग मशीनमागे उभा केला. आमचं वॉशिंग मशीन गॅरेजमध्येच आहे. कपडे धुणं हा माझ्या आईचा विभाग.

शुक्रवारी सकाळी वाकून पाहिलं, तर पुठ्ठ्यावर भलामोठा डाग. बदकाच्या आकाराचा. चोचसुद्धा होती.

मी सगळं पुन्हा उघडलं, दुसरं गॅस्केट बसवलं, कडेने फटी बुजवणारं सीलंटही फासलं. नवा पुठ्ठा घातला, बदकाचा मशीनमागे टाकला. शनिवारी सकाळी पुन्हा बदक. तेच, तेवढंच, चोचीसकट! गळतीला इतकी शिस्त असते हे मला माहीत नव्हतं.

आता माझं डोकं फिरलं. दोन बोटं गेली खड्ड्यात. तिसरं गॅस्केट बसवलं, पान्याला लांब पाइप जोडला, बंपरला पाय लावला आणि दात-ओठ खात बोल्ट आवळले. शिवाय एक शास्त्रीय प्रयोगही केला. गाडी उलटी फिरवून लावली, म्हणजे इंजिन दाराकडे आणि डिकी भिंतीकडे. पुठ्ठा नवा, बदक पुन्हा मशीनमागे.

दुपारी जेवून आलो. डाग होता. भिंतीकडे होता. डिकीखाली.

मी काकांना फोन लावला. "काका, आता डिकीतून इंजिन ऑइल गळतंय."

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग ते म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा झोपा."

मी झोपलो नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे फडताळातल्या डब्यांखाली स्वच्छ, मापात कापलेले पुठ्ठे अंथरलेले दिसले. तीन होते.

"आई, हे कुठून आले?"

"तुझ्या गाडीखालून," आई डबा पुसत म्हणाली. "चांगले करकरीत पुठ्ठे रे, तेलात कशाला घालवायचे? जुना होता ना मशीनमागे, तोच रोज झाडूच्या दांड्याने सरकवत होते आत. जिथे असायचा तिथेच ठेवला हो, इकडचा तिकडे नाही केला."

म्हणजे गळणं गुरुवारीच थांबलं होतं. मी दोन दिवस एकाच डागाशी झुंजत होतो. आईवर चिडावं की तिला मिठी मारावी, मला कळेना. शेवटी मिठी मारली आणि नीट समजावलं, "आई, आता नवाच पुठ्ठा ठेवायचा. डाग दिसला की तो काढायचा आणि कोरा घालायचा. ठेवणीतले काढ." तिने मान डोलावली.

रविवारी सकाळी बायको गॅरेजमध्ये आली. खाली वाकून पाहिलं. पुठ्ठा धुतल्या तांदळासारखा होता.

"जिंकलास," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना नको म्हणून कळवते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

ती कपडे बदलायला आत गेली आणि दोन मिनिटांत परत आली. हातात तिचा पांढरा शर्ट होता. सोमवारच्या मुलाखतीसाठी इस्त्री करून कपाटात ठेवलेला. त्याच्या पाठीवर काळा, ओला, ताजा डाग होता.

यावेळी बदक नव्हतं. डाग नवीन होता. पाइप लावून आवळलेल्या बोल्टांची मला एकदम आठवण झाली.

"आई," मी हळूच विचारलं, "सकाळी पुठ्ठा बदललास का?"

"तूच सांगितलंस ना? पहाटेच बदलला, चांगलाच भिजला होता. मग टाकून कशाला द्यायचा? कोरी बाजू वर केली आणि सूनबाईच्या कपाटात अंथरला. तिच्याच कप्प्यात काही नव्हतं बिचारीच्या."

बायकोने शर्ट माझ्या खांद्यावर टाकला. तिने फोन उचलला.

संध्याकाळी दातांचे डॉक्टर आले. मी किल्ली दिली आणि बोल्टांना फक्त दोन बोटं लावा, एवढंच कसंबसं म्हणालो. गाडी फाटकाबाहेर पडताना आई लगबगीने मागे गेली आणि खिडकीतून त्यांना मायेने एक पुठ्ठा दिला.

बदकाचाच. कोरे तिला कपाटासाठी लागणार होते.