धावेवरून भिलाई

"मूर्तिजापूर मांगं टाकलं आज," पाय धुता धुता कडूबा म्हणाला.

"बरं," वच्छलाबाई म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या भाकरीवर ठेचा ठेवला.

कडूबा सकाळपासून आपल्या मळ्यातल्या विहिरीवरच होता. बैलांना धावेच्या उतारावरून खाली हाकायचं, मोट वर आली की पाणी थारोळ्यात, काठावरच्या कुंडीत, सुटायचं, मग बैलांना मागं मागं सरकवत पुन्हा विहिरीच्या काठाशी आणायचं. बापाचा जन्म त्या धावेवर गेला, आज्याचा गेला; पण दोघांपैकी कोणी मूर्तिजापूर गाठलं नव्हतं.

त्याचा एकुलता एक मुलगा निवृत्ती तीन वर्षांपूर्वी या धावेपायीच भांडून गेला होता. "जातो अन् येतो, जातो अन् येतो, अन् पोचत कुठीच नाही. मले नाही जमत हे, बाबा," असं तो म्हणाला. कडूबाच्या तोंडून निघून गेलं, "जाय मंग! पण ध्यानात ठेव, तुह्या दाराले माहा पाय लागणार नाही." निवृत्तीही बापाचाच मुलगा. "अन् माहा तुमच्या," म्हणाला आणि पार भिलाईला कारखान्याच्या कामावर गेला. खुशालीचा एक निरोप आला. पुढं तोही बंद झाला.

तेव्हापासून घरात दोन माणसं आणि चार भिंती. कडूबा कोणी विचारलं की सांगे, "पोरगा लई दूर हाय हो. येनं-जानं सोपं हाय का?" हे सांगताना त्याला बरं वाटे. दूर असणाऱ्याचा राग येत नाही.

यंदा दिवाळी झाली आणि मोट हाकता हाकता त्याच्या मनात आलं, की रोज आपण एवढं चालतो, ते सगळं सरळ चाललो असतो तर एव्हाना कुठं असतो? धावेवरूनच भिलाई गाठली तर? शब्द मोडत नाही, कारण पाय मळ्याबाहेर पडत नाही. आणि एकदा जाऊन आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा जायला कसली लाज? लाज असते ती पहिल्या खेपेची. ती धावेवर उरकून घ्यायची आणि दुसऱ्या खेपेला वच्छलाबाईला घेऊन सरळ आगगाडीत बसायचं. बायकोला त्यानं तसा शब्दही देऊन टाकला. त्या घरात ज्वारीपेक्षा शब्दच जास्त होते.

पहिलं काम मैल मोजायचं. मोटेचा नाडा, म्हणजे जाडजूड दोर, खांद्यावर टाकून तो नांदुऱ्याच्या सडकेवर गेला आणि मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत नाडा अंथरत, उचलत, पुन्हा अंथरत गेला. सरकार सडक रुंद करतंय असं समजून एका वावरवाल्यानं दुपारच्या आत आपलं कुंपण चार हात मागं घेतलं. त्याच नाड्यानं मग धाव मोजली. राहिला प्रश्न वाटेतल्या गावांचा. त्यासाठी गुलाबराव होता.

गुलाबरावानं तरुणपणी नांदुऱ्याच्या ठेसनावर हमाली केली होती. अकोल्याच्या पुढं तो स्वतः कधी गेला नव्हता, पण नागपूरच्या बाजूची झाडून सारी ठेसनं त्याला तोंडपाठ होती. रोज संध्याकाळी तो मळ्यात येई, हिशेब ऐके आणि ठेसन जाहीर करी. पहिल्याच आठवड्यात त्यानं कडूबाला धरलं.

"कडूबा, बैल खाली जातात तवा तू नाड्यावर बसतो का नाही?"

"बसतो. सारेच बसतात. वजन पडते, बैलाले सोपं जाते."

"मंग ते चालनं कसं झालं बे? ते तर बसून जानं झालं. अन् वर येतो तवा उलटा चालत येतो. म्हंजे तुहं पायी चालनं सारं उलटंच! तू भिलाईले नाही, मुंबईकडे जाऊन राह्यला."

गावात हसं झालं. कडूबा त्या दिवशी जेवलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं नाड्यावर बसणं सोडलं. उतारावर बैलांच्या मागं पायी चालायचं, तेवढंच धरायचं. परतीची चाल फुकट. नाड्यावरचं वजन गेलं तसे बैल फुसफुसू लागले. पण हिशेब चोख झाला आणि कडूबा जालंब, शेगाव, पारस करत अकोला ओलांडून गेला.

पुढची अडचण पाण्याची होती. चालायचं तर मोट हाकावी लागे, आणि मोट हाकली की पाणी येई. त्याला काही इलाज नव्हता. वांग्यांना पाणी पुरे झालं तरी दर्यापूर फाट्यापर्यंत जायचं राहिलेलं असे. मग ते पाणी मिरचीत जाई, मिरचीतून कांद्यात, कांद्यातून शेजारच्या हरभऱ्यात. बडनेरा आलं तेव्हा मिरची पिवळी पडली. पुलगावला कांदा सडला, वांगीही सडली. बाजारच्या दिवशी वच्छलाबाई टोपलं घेऊन निघाली आणि टोपल्यात बघून परत आली.

"भिलाई येईस्तोर वावर वाहून जाईन," ती एकदाच म्हणाली.

"नागपूर आलं की बंद करतो," कडूबा म्हणाला. पण नागपूर आलं तेव्हा त्याला वाटलं, आता एवढं आलोच आहोत.

गुलाबरावही कमी नव्हता. "बडनेऱ्याले गाडी लई येळ थांबते, तिथं इंजन पानी पिते," म्हणून त्यानं कडूबाची दोन दिवसांची चाल धरलीच नव्हती. कडूबानं ती मुकाट्यानं सोडली. रेल्वेच्या कायद्यापुढं कोणाचं चालतं?

संक्रांतीला वच्छलाबाई वाण द्यायला नांदुऱ्याला आपल्या आत्याकडं गेली. आली ती गप्पच होती. कडूबाला वाटलं, सडलेल्या कांद्याचं दुःख असेल. त्यानं तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "आता अर्धी वाट राह्यली." ती चुलीपुढं बसून होती. "बरं," म्हणाली.

होळी झाली, गोंदिया आलं आणि विहीर आटली. आधीच उपशानं तिचा जीव गेला होता. मोट खाली जाई, दगडावर आपटे आणि रिकामीच वर येई. कडूबा ती रिकामी मोट हाकत राहिला. थारोळ्यात पाण्याऐवजी धूळ पडे. सडकेनं जाणारे थांबून पाहत. कोणी म्हणे, पोराच्या पायी बापाचं डोकं फिरलं. कोणी म्हणे, बैलांचं काय पाप? हरण्या बैल तर उताराच्या तोंडाशी थांबून मान वळवून पाही. कडूबा त्याला म्हणे, "डोंगरगड हाय रे, चढ हाय. होय फुडं."

शेवटी दुर्ग आलं. दुर्गनंतर भिलाई. त्या दिवशी निम्मं गाव धावेवर जमलं. गुलाबरावानं नारळ आणला, शिवाय आपल्या भाच्याला कारखान्यात चिकटवण्याचा निरोप आणला. आणखी दोघांनी आपापल्या पोरांसाठी तसेच निरोप दिले. कडूबानं सगळे घेतले. त्याच्या अंगात नवी बंडी होती.

एवढ्यात गर्दीतून पुंजाजी पुढं आला. पुंजाजी बैलांचा दलाल. सासुरवाडीला गेला होता, तो तसाच येत होता. कडूबा बैल मागं सरकवत होता, त्याच्या कानाशी लागून तो हळूच म्हणाला,

"काका, निवृत्ती भेटला मले."

"भिलाईले?"

"भुसावळले. ठेसनावर. रेल्वेत लागला थो. वरीस झालं म्हने तिथं येऊन."

कडूबानं बैल थांबवले. भुसावळ. नांदुऱ्याहून मुंबईच्या अंगाला, सकाळी गाडीत बसलं तर दुपारच्या भाकरीला पोचावं इतकं जवळ. सहा महिने तो ज्या गावाकडं पाठ करून चालला होता, ते.

"माहं काही इचारलं?"

पुंजाजी हरण्याकडं पाहू लागला. "तुमचं नाही. हरण्याचं इचारलं. हाय का म्हने अजून."

"काय सांगितलं मंग?"

"हाय म्हनलं."

"ओ कडूबा!" वरून गुलाबराव ओरडला. "दोन मोटा राह्यल्या! उभा काऊन?"

कडूबानं बैल हाकले. रिकामी मोट वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. "आलं भिलाई!" गुलाबरावानं आरोळी ठोकली आणि नारळ फोडला. लोकांनी खोबरं खाल्लं आणि आपापल्या घरी गेले. पुंजाजीला कडूबानं एवढंच सांगितलं, "तुह्या काकूले बोलू नको."

घरी वच्छलाबाई दारातच बसली होती.

"पोचले?"

"पोचलो."

"भेटला?"

"भेटला. बरा हाय. जाडा झाला जरा."

"घर कसं हाय?"

"कौलाचं. दारात तुळस हाय."

"काय खाऊ घातलं?"

"वांग्याची भाजी," तो म्हणाला. सगळी वांगी तर इथं सडली होती.

सकाळी तो उठलाच नाही. बैल गोठ्यात हंबरत होते. भिंतीकडं तोंड करून तो पडून राहिला. भिलाई संपली होती आणि आता जायला जागा नव्हती. दूर असणाऱ्याचा राग येत नाही. पण जवळ असून न येणाऱ्याचं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"उठा," वच्छलाबाई म्हणाली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काखेत गाठोडं होतं.

"कुठी चालली?"

"भुसावळले."

कडूबा उठून बसला. "तुले कवा समजलं?"

"संक्रांतीले. आत्याच्या शेजारनीचा जावई त्याच्याच संगं कामाले हाय."

"अन् मले सांगितलं काऊन नाही?"

"तवा तुमी वर्धा सोडून फुडं गेलते," ती म्हणाली. "एवढे चालले, लेकराकडेच चालले. मधूनच कसं वापस फिरवू? म्हनलं, पोचू द्या एकदाचे. वाट पाह्यली मी. आता पोचले नं? शब्द तुमचा हाय, माहा नाही. मी गाडीनं चालली."

आणि ती निघालीसुद्धा.

कडूबानं मनाशी हिशेब केला. भिलाईहून परत नांदुरा, तिथून पुढं मलकापूर, बोदवड... विहिरीला पाणी नाही, बैलांत जीव नाही. धावेवरून भुसावळ गाठायला दुसरी दिवाळी उजाडेल. आणि निवृत्ती दार उघडेल की नाही, हे तर कोणत्याच नाड्यानं मोजता येत नव्हतं. त्यानं पटका डोक्याला गुंडाळला आणि वहाणा न घालताच सडकेला लागला.

वच्छलाबाई बरीच पुढं होती. मागं वळून पाहत नव्हती, पण भरभर चालतही नव्हती. मैलाच्या दगडापाशी गुलाबराव शेळ्या घेऊन उभा होता. कडूबाला पाहून त्याचा आ वासला.

"कडूबा! कालच तर भिलाईले पोचला बे तू. मंग हे चालनं कायच्यात धरू?"

"हे नको धरू," कडूबा म्हणाला आणि त्यानं पाय उचलला.