शेळीच्या कवितेस्तव चार सेल मिळविल्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. सौभाग्यवती लीलाबाईसाहेब, वास्तव्य पुणे, यांचे सेवेसी धाकटे बंधू सेवक यांचा शिरसाष्टांग दंडवत. आज्ञा झाली की, दिवाळीच्या सुटीत कुसगावच्या वरल्या माळावर जे राजकारण जाहले त्याची खरी हकीकत लिहून ठेवावी, कारण आपले यजमान आल्यागेल्यास निराळीच हकीकत सांगतात आणि त्यांच्या हकीकतीत वानरांची संख्या दर खेपेस वाढते. आज्ञा शिरसा वंदून, जे डोळ्यांनी देखिले ते, जे कानी आले ते, आणि जे या दोहोंत सापडले नाही ते अंतर्ज्ञानाने जाणून लिहिले आहे. साल नक्की लिहिता येत नाही, कारण त्या सालच्या कॅलेंडरावर चिरंजीवांनी दौत उपडी केली. तरी ट्रान्झिस्टर रेडिओ नुकते घरोघर येऊ लागले होते आणि ज्याचे घरी आला तो भाजी आणावयासही खांद्यास रेडिओ लावून जात असे, ऐसा तो काळ जाणावा.

त्या काळी पुणे शहरी लीलाबाईसाहेबांचे यजमान राजश्री भिमाजीराव ड्रॉइंगमास्तर म्हणून मोठे मातबर गृहस्थ, शाळेच्या बालवीर पथकाचे सरलष्कर. चार भिंतींत मुले मऊ पडतात, त्यांस रानाची सवय पाहिजे, ऐसे त्यांचे ठाम मत होते, आणि स्वतः रानात एक रात्रही काढिली नव्हती म्हणून ते मत शाबूत होते. त्यांनी पथकाचा डेरा एक बांबू कमी असता ताब्यात घेतला, आणि कूच करण्याचा मुहूर्त बुधवारचा धरिला. फौजेत खासा स्वारी, लीलाबाईसाहेब, कन्या चंपा वय वर्षे साडेसहा, चिरंजीव बजरंग वय वर्षे चार, खाण्याच्या कामी शर्थीचे, आणि ओझी वाहावयास सेवक.

आता चंपेचे वर्तमान लिहिणे अगत्य, कारण सारी मोहीम तिजपायी. हे लेकरू घरात अखंड बोले, पण परका माणूस उंबऱ्यात दिसला की दाराआड जाई आणि तो जाईतो मुके राही. ऐसी ही चंपा शाळेच्या बाईंबरोबर पुण्याच्या रेडिओ केंद्रात गेली, आणि मुलांच्या कार्यक्रमास्तव स्वतः रचिलेली शेळीची कविता डोळे गच्च मिटून एका दमात म्हणून आली. तो आवाज फितीवर घेतला. मग मंगळवारी कार्ड आले की, कविता गुरुवारी सायंकाळी साडेसहा वाजता लागेल. लीलाबाईसाहेबांनी मसलत दिली की कूच तहकूब करावे. सरलष्करांनी फर्माविले की, रेडिओ सेलांवर चालतो, विजेची गरज नाही, कन्येचा आवाज डोंगराच्या कुशीत बसून ऐकू, यासारखा दुसरा थाट नाही. चंपेने कार्ड फ्रॉकच्या खिशात घातले आणि निजतानाही काढिले नाही. आपला आवाज बाहेरून कसा येतो, हे तिने जन्मात ऐकिले नव्हते, आणि फीत एकदाच लागणार होती.

बुधवारी लोणावळ्यास गाडीतून उतरून, कुसगाव मागे टाकून, पाच घरांच्या कोळीवाडीच्या अलीकडे ओढ्याकाठी डेरा दिला. बांबू कमी म्हणून डेऱ्याची एक बाजू मांडी घालून बसली. दिवेलागणीस वानरांची फौज चालून आली. एकंदर सात वानरे होती; सात म्हणजे सातच. त्यांनी चिवड्याचा डबा काबीज केला, बेसनाचे लाडू निम्मे लुटले, आणि सेवकाच्या उशीखालील बिस्किटे नेली, याचे दुःख सेवकास आजतागायत आहे. सरलष्करांनी शिट्टी फुंकिली. वानरांनी ती ऐकून घेतली आणि पुन्हा खाऊ लागली.

मग रात्री सर्व मंडळी निजल्यावर सरलष्करांनी कोणास न सांगता एक बंदोबस्त केला. माणसाचा आवाज असला की जनावर जवळ येत नाही, या विचारे रेडिओ सुरू करून डेऱ्याच्या खांबास टांगिला. केंद्र आपल्या वेळी बंद जाहले. पुढे नुसती खरखर सुरू राहिली, आणि त्या खरखरीच्या पहाऱ्यात सरलष्कर सुखे निजले. पहाटे उठून रेडिओ बंद केला आणि मोठ्या समाधानाने दात घासिले.

गुरुवारी दोन प्रहरी चंपेने आवाज कोठून येणार ते पाहावे म्हणून खटका फिरविला. रेडिओ हूं का चूं करीना. सरलष्करांनी पेटी हलविली, थोपटली, उलटी केली, आणि जाहीर केले की घाटातील दमट हवेचा हा दोष आहे. इतक्यात वाडीतील शिदू दुधाचा तांब्या घेऊन आला. स्वभावाने सरळ गडी. तो म्हणाला, "मास्तर, राती तुमचा रेडू लय खरखरत व्हता. आमास्नी आदी वाटलं, तुमीच घोरताय."

लीलाबाईसाहेबांनी यजमानांकडे ऐसे पाहिले की, ते पाहणे सेवकावर असते तर सेवक ओढ्यात उतरून उभा राहता. सरलष्करांनी कबुलीजबाब दिला की, वानरांचे भय वाटले, आणि ते लेकरांचे वाटले की स्वतःचे, हे नक्की सांगता येत नाही. चंपेने खिशातील कार्ड काढून वाचिले, घडी केली, परत ठेविले. रडली नाही. ती रडती तर बरे होते, असे सेवक स्पष्ट लिहितो.

मग मसलत बसली. साडेसहास साडेपाच तास उरले. पहिली तजवीज अशी की, चारी सेल उन्हात घालावे, म्हणजे त्यांत पुन्हा जीव धरतो. हा इलाज आपल्याकडे लहानथोर सर्वांस ठाऊक आणि सर्वांचा त्यावर भरवसा. सेल कातळावर पापडांसारखे मांडिले आणि पहाऱ्यास बजरंग यांस एक लाडू देऊन बसविले. वानर आले. बजरंग यांनी लाडू वाचविला आणि डेऱ्यात माघार घेतली. वानराने एक सेल उचलिला, चावून पाहिला, चव पसंत न पडल्याने ओढ्याच्या डोहात भिरकाविला, आणि उरलेल्या तिहींवर बसून अंग खाजविले. येणेप्रमाणे पहिल्या तजविजीत एक सेल धारातीर्थी पडला आणि बाकीचे होते तसे थंड राहिले.

तेव्हां शिदूने खबर दिली की, "आमच्या बॅटरीत दोन शेल हाईत. पन ते आईला इचारावं लागंल." त्याची आई हिरी, वाडीत तिचा शब्द शेवटचा. त्या बॅटरीच्या उजेडात शिदू रात्री ओढ्यात खेकडे धरी, आणि त्या रात्री खेकड्यांचा रस्सा करण्याचा हिरीमावशीचा बेत ठरला होता. सबब सरलष्करांनी वाडीकडे स्वतः वकिलातीस जावे, आणि उरल्या दोन सेलांसाठी सेवकाने कुसगावास दौड करावी, ऐसा हुकूम सुटला. दौड म्हणजे पायी. सेवकाच्या चपलेचा अंगठा तुटका होता, तरी कोणी विचारले नाही.

कुसगावात चाँदभाईंचे दुकान. चाँदभाई माल आणावयास लोणावळ्यास गेलेले, गल्ल्यावर त्यांच्या पत्नी जैतुनबी बसलेल्या. सेल मागता त्या म्हणाल्या, "दिवाळीत सगळे खपले, भाऊ. नवा माल रात्री येईल." सेवकाने हात जोडून चंपा, कविता, खरखर, वानर, सर्व मजकूर आद्यंत निवेदन केला. वानर सेलांवर बसल्याचे ऐकून त्या पदर तोंडास लावून पुष्कळ हसल्या. मग आत गेल्या, घरातील बॅटरी आणिली, बूड फिरविले आणि दोन सेल हातावर ठेविले. "सांजच्याला आमी कंदील लावू. पोरगी रेडिओत बोलनार आन तिच्या घरच्यांनीच ऐकायचं न्हाई, ह्याला काय अर्थ हाय? मात्र कसं झालं ते सांगून जायचं." शिवाय लेकरांस भाजल्या शेंगांची पुडी दिली. ती पुडी वाटेत सेवकाने खाल्ली, हेही खरी हकीकत लिहावयाची म्हणून लिहितो.

इकडे वाडीत तहाचे बोलणे अवघड जाहले. हिरीमावशी अंगणात शेळीस पाला घालीत होत्या. सरलष्करांनी बालशिक्षणावर अर्धी घटका भाषण केले. मावशी शेळीशीच बोलत राहिल्या. मग लीलाबाईसाहेबांनी यजमानांस मागे सारून दोन वाक्यांत सांगितले की, पोरीचा आवाज येणार आहे आणि हिच्या बापाने सेल जाळिले. मावशींनी विचारिले, "पोर कंची? ही, लुगड्यामागं लपलीया ती?" आणि कलमे सांगितली. पेटी आमच्या अंगणात वाजावी. पेटीजवळ मी बसणार. गाणे पुरते ऐकू यावे, आणि अर्धे राहिले तर "मास्तरनं सोता वढ्यात उतरायचं आन खेकडं धरून द्यायचं." सरलष्करांनी अंगठा न देता सही केली, पण मावशींनी सहीवर भरवसा न ठेविता हातावर हात मारून घेतला.

सहा वाजता चारी सेल एकत्र आले. चारीही अर्धवट वापरलेले, म्हणून मावशींनी ते चुलीच्या कोमट राखेत घटकाभर ठेविले आणि फुंकून दिले. लीलाबाईसाहेबांची सक्त ताकीद होती की, साडेसहापूर्वी खटक्यास हात लावू नये. सरलष्करांनी तरी केंद्र लागते की नाही हे पाहावे म्हणून तीन वेळा लावून पाहिले. तिन्ही वेळा केंद्र लागले. प्रत्येक वेळी आवाज आधीपेक्षा किंचित बारीक होता, पण हे बोलण्याची छाती कोणास झाली नाही.

अंगण भरले. पाच घरांची माणसे, त्यांची लेकरे, दोन कुत्री, आणि शेळी. साडेसहास कार्यक्रम लागला. एका मुलाने बासरी वाजविली, दुसऱ्याने कोडे घातले, आणि सेल उतरू लागले. मग कार्यक्रम चालविणारी ताई पेटीतून म्हणाली की, आता चंपा आपली कविता म्हणेल. चंपेने आईच्या निऱ्या दोन्ही मुठींत धरिल्या. पेटीतून, फार लांबून यावा तसा, पण स्पष्ट, तिचा आवाज आला:

शेळीनं खाल्ला पाटीवरचा खडू,
आई म्हणाली, आता नको रडू.
शेळीच्या दुधात...

आणि पेटी निमाली. सरलष्करांनी खटका पिळिला, पेटी उराशी धरिली, सेल काढून पँटीवर घासून पुन्हा घातले. काही नाही. सरलष्करांचे डोळे भरून आले. बाप होता, हे त्या क्षणी दिसले, आणि सेवकाने त्यांचे मागील पुष्कळ अपराध तेथेच माफ केले.

हिरीमावशी आपल्या शेळीकडे पाहात होत्या. मग पेटीस नव्हे, चंपेस त्यांनी विचारिले, "मंग? दुधात काय झालं, बाय?"

सारे अंगण चंपेकडे वळले. वीस-पंचवीस परकी माणसे, आणि दार कोठेच नाही. सेवकास वाटले, आता ही पोर पळते. चंपेने निऱ्या सोडिल्या, अंगणाच्या मध्यभागी आली, आणि डोळे गच्च मिटिले.

शेळीच्या दुधात अक्षरं आली,
पिऊन पिऊन बाळं पंडित झाली!

हशा पिकला, टाळ्या पडल्या, कुत्री भुंकली. शिदू म्हणाला, "आये, आपल्या शेळीला घाल की खडू, मी बी शिकतो!" मावशींनी पुन्हा म्हणावयास लाविले. चंपेने सबंध कविता चार वेळा म्हटली, आणि चौथ्या वेळेस एक डोळा उघडा होता. तेव्हां हिरीमावशींनी निवाडा दिला की, "त्या पेटीपरीस हीच बरी. हिला शेल लागत न्हाईत."

तरी तह तो तह. पेटीने गाणे अर्धे सोडिले होते, सबब सरलष्कर ओढ्यात उतरले. बॅटरी मेलेली, म्हणून शिदूने पेटता टेंभा धरिला. खेकडे तीन मिळाले. त्यांतील एकास सरलष्करांनी धरिले, दोघांनी सरलष्करांस धरिले. रस्सा उत्तम जाहला.

परत डेऱ्यात येता वानरांचे हुप्प ऐकू आले. रेडिओ मुका, पहारा कोणाचा नाही. सरलष्कर दचकून उभे राहिले. तेव्हां चंपेने त्यांचा हात धरिला आणि म्हणाली, "बाबा, भीती वाटली ना, की डोळे मिटायचे. मग आपला आवाज ऐकू येतो." तिने दोन्ही डोळे मिटिले आणि शेळीची कविता सुरू केली. मग बजरंग यांनी धरिली, मग लीलाबाईसाहेबांनी, आणि अखेर सरलष्करांनीही डोळे मिटून मोठ्याने म्हटली. वानरे आली नाहीत.

येणेप्रमाणे गुरुवारी, मुक्काम कुसगावचा माळ, फत्ते जाहली. सेल कामास आले चार, डोहात पडला एक. दुसरे दिवशी उतरताना जैतुनबींच्या दुकानी वर्दी देणे सेवकाकडे होते. ते काम चंपेने सेवकास मागे सारून स्वतः केले, गल्ल्यासमोर उभे राहून, मोठ्याने, डोळे उघडे ठेवून. हे लिहिले ते खरे. शेंगांच्या पुडीविषयी त्यांनी विचारिले, तेव्हां सेवकाने डोळे मिटिले.