न उघडलेल्या खेळाचा भाव

“दोन्ही यंत्रं सारखीच म्हातारी, मग एकाची कॅसेट वडापावाच्या भावात आणि दुसऱ्याची म्हशीच्या भावात का?” हा प्रश्न विचारायची माझी छाती नाही, असं माझ्या बाकावरच्या ज्ञानदा आणि अपूर्वाचं मत होतं. म्हणून सांगलीत मावशीकडे गेले, तेव्हा जुने व्हिडिओ गेम विकणाऱ्या लालासाहेबांना भर दुकानात विचारलाच.

वय सगळ्यांचंच वाढतं, भाव मात्र निवडकांचाच वाढतो. लालासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामागचं शास्त्र अगदी न्याय्य आहे. ज्या यंत्रावर अख्खी गल्ली तुटून पडली, कॅसेटमध्ये फुंकरा मारून पोरांचे गाल दुखले, त्याच्या कॅसेटी पोत्याने सापडतात, म्हणून स्वस्त. ज्या यंत्राकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि ज्याने कंपनीसुद्धा बुडवली, त्याच्या कॅसेटी निघाल्याच मूठभर, म्हणून महाग. थोडक्यात, बाजारात मान हवा असेल तर आधी सपशेल आपटावं. (आमच्या बाकावरच्या तिघींचं भवितव्य मला तिथेच उजळ दिसलं.)

पुठ्ठ्याचा खोका शाबूत असेल तर आतल्या खेळापेक्षा खोक्यालाच जास्त मोल. (पतसंस्थेच्या सत्कारात मिळणाऱ्या भेटवस्तूंचंही तसंच असतं.)

“आन् सगळ्यात भारी कुठला?” मी विचारलं.

“जो कुणी खेळलाच न्हाई त्यो,” लालासाहेब म्हणाले. “पॅकबंद. फोडला की भाव निम्मा.”

हे ऐकून मी गार पडले. कारण असा एक आमच्या औंधच्या घरी कपाटावर आहे.

पप्पा फौजेत असताना वीरधवलदादासाठी त्यांनी तो यंत्रासकट एकाच खोक्यात दिल्लीहून आणला. खपत नाही म्हणून दुकानदाराने पडत्या भावात दिला होता. दादा तेव्हा तिसरीत होता. चौथीची स्कॉलरशिप झाली की उघडू, असं ठरलं. मग सातवीची. मग दहावी, बारावी, भरती. दादा आता सरहद्दीवर आहे, त्याला मिशा आहेत, आणि खोका माझ्या दहावीच्या नावावर वर्ग झालाय. दरम्यान आईने त्याला टिकल्यांचा अभ्रा शिवला. खंडेनवमीला त्याची पूजा होते. आमच्या घरात इतका सांभाळलेला माणूससुद्धा नाही.

माझ्याकडून लालासाहेबांचा हिशेब कळल्यावर पप्पा खोक्याशी अदबीने वागू लागले. “आता त्याला हातबी लावायचा न्हाई,” ते म्हणाले. “लय कामाचा हाय त्यो.” काम कोणतं, हे त्यांनी सांगितलं नाही. दादाने फोनवर एवढंच विचारलं, की आत नक्की कोणता खेळ आहे गं? कुणालाच ठाऊक नव्हतं.

(तुम्ही हसताय. तुमच्या शोकेसमधले काचेचे कप कोणत्या पाहुण्यासाठी थांबलेत, ते आधी सांगा. आणि तो पाहुणा मागच्या वर्षी येऊन स्टीलच्या पेल्यात चहा पिऊन गेला नाही ना, तेही आठवा.)

काल जेवताना मी भाकरी खाली ठेवली आणि दोघांना सांगून टाकलं, “पप्पा, आई, मी ठरवलंय. रविवारी दादा आला की खोका फोडायचा. भाव पडला तर पडू दे. त्याची सुट्टी काय आपल्याला पॅकबंद ठेवता येत नाही.”